मंगळावर उडायची तयारी

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी नुकत्याच रानातून येऊन टेकला असाल.

एरवी मी तुमच्याशी बचत, व्याज, बँकेचे कागद आणि सरकारी योजना यांच्याबद्दल बोलते. आज विषय वेगळा आहे. आज एका हेलिकॉप्टरची गोष्ट सांगणार आहे. त्याचं वजन होतं एक किलो आठशे ग्रॅम, म्हणजे दोन किलो पिठाच्या पिशवीपेक्षाही कमी. उंची जेमतेम दीड-पावणेदोन फूट. आणि ते उडालं मंगळावर. हो, आपण पत्रिकेत ज्याला घाबरतो त्याच मंगळावर.

त्याचं नाव इन्जेन्युइटी. मराठीत म्हणायचं तर कल्पकता. हे नाव वनिझा रुपानी या शाळकरी मुलीनं निबंध लिहून सुचवलं होतं. ती अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात राहणारी, भारतीय वंशाची मुलगी.

पहिल्यांदा उडालं तेव्हा हे हेलिकॉप्टर फक्त ३९ सेकंद हवेत होतं. चुलीवरची भाकरी एका बाजूनं भाजेपर्यंत संपावी एवढी ती वेळ. पण त्या ३९ सेकंदांसाठी माणसं सहा-सात वर्षं तयारी करत होती. आज मला उडण्यापेक्षा त्या तयारीबद्दलच जास्त बोलायचं आहे. ती कशी केली हे ऐकलंत, तर आपल्या गटाच्या कामातही त्यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी अडचण काय होती ते समजून घेऊ. हेलिकॉप्टर उडतं ते पात्यांच्या जोरावर. पाती फिरतात, हवा खाली ढकलतात, आणि त्या रेट्यानं यंत्र वर उचललं जातं. म्हणजे ढकलायला हवा तर पाहिजे! मंगळावर हवा आहे, पण फार विरळ. आपल्याकडे हवा शंभर भाग असेल, तर तिथं ती साधारण एक भाग. पाण्यात हात मारला तर अंग पुढं सरकतं, नुसत्या वाफेत हात मारून सरकेल का? तशातलाच हा प्रकार.

आपल्या पृथ्वीवरसुद्धा जितकं उंच जाल तितकी हवा विरळ होते. इथं आजवर सगळ्यात उंच गेलेलं हेलिकॉप्टर बारा किलोमीटरच्या थोडं वर पोचलं होतं. मंगळाच्या जमिनीवर जेवढी विरळ हवा आहे, तेवढी विरळ हवा आपल्याकडे तीस किलोमीटर उंचीवर मिळते. म्हणजे बघा, जमिनीवरून दोन हात वर उठायचं म्हटलं, तरी काम किती अवघड.

एक गोष्ट मात्र सोयीची होती. मंगळाची ओढ कमी आहे. इथं तीन किलो भरेल ती वस्तू तिथं एक किलोच्या थोडी वर भरते. त्यामुळे एक किलो आठशे ग्रॅमचं हे हेलिकॉप्टर तिथं सातशे ग्रॅमपेक्षाही कमी भरलं. पण एवढ्यानं काम भागत नव्हतं.

ही कल्पना पहिल्यांदा नेटानं मांडली ती बॉब बलराम यांनी. ते मूळचे दक्षिण भारतातले. त्यांच्या लहानपणी त्यांच्या काकांनी अमेरिकेच्या वकिलातीला पत्र लिहून अवकाश संशोधनाची माहिती मागवली होती. पोस्टानं एक जाडजूड पाकीट आलं, आत चित्रांच्या पुस्तिका. आणि माणूस चंद्रावर उतरला, ती बातमी या मुलानं ऐकली रेडिओवर. रेडिओवरचं बोलणं कुठं जाऊन रुजेल याचा नेम नसतो, म्हणून हे मुद्दाम सांगते. पुढं ते मद्रासच्या आयआयटीत शिकले, अमेरिकेला गेले, आणि नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत कामाला लागले. ही प्रयोगशाळा कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथं आहे.

१९९० च्या दशकात त्यांनी मंगळावरच्या हेलिकॉप्टरचा प्रस्ताव लिहिला. पैसे मिळाले नाहीत. कागद कपाटात गेला आणि तिथं जवळपास पंधरा वर्षं पडून राहिला. आपल्यापैकी कितीजणींचे प्रस्ताव कुठल्या ना कुठल्या कपाटात असतील! मग एक दिवस प्रयोगशाळेच्या संचालकांनी विचारलं, हे ड्रोन नावाचं प्रकरण मंगळावर वापरता येईल का? तेव्हा कुणाला तरी तो जुना कागद आठवला. बलराम यांना नवा प्रस्ताव लिहायला आठ आठवडे मिळाले. या वेळी तो पुढं सरकला.

पुढं या कामाची प्रमुख झाली एक बाई. मीमी आंग. जन्म अमेरिकेतला, बालपण ब्रह्मदेशात आणि मलेशियात. सोळाव्या वर्षी आईवडिलांना सोडून शिकायला अमेरिकेत आली. तिची आई ब्रह्मदेशात गणितात डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री. त्या घरातली ही मुलगी मंगळावरच्या हेलिकॉप्टरच्या कामाची सूत्रं हातात घेऊन उभी राहिली.

आता तयारी. पहिला प्रश्न असा, की मंगळावर चालेल की नाही हे पृथ्वीवर कसं तपासायचं? इथं अंगणात उडालं म्हणून तिथं उडेल असं नाही. आणि तिथं जाऊन बघू म्हटलं, तर तिथं कुणी माणूस नाही, दुरुस्ती करणारा नाही, दुसरी संधीही नाही.

तर त्यांनी मंगळाची हवाच घरात आणली. त्या प्रयोगशाळेत एक भलीमोठी लोखंडी टाकी आहे. पंचवीस फूट रुंद, पंच्याऐंशी फूट उंच. दार लावून तिच्यातली सगळी हवा पंपानं काढून घ्यायची. मग मंगळावर जो वायू आहे, कार्बन डायऑक्साइड, तो अगदी थोडासा आत सोडायचा, तिथं जेवढा विरळ आहे तेवढाच. झाली मंगळाची हवा तयार.

२०१४ साली त्यांनी या टाकीत एक लहान नमुना उडवून बघितला. माणूस बाहेर बसून हातातल्या दांड्यानं तो चालवत होता. नमुना वर उठला खरा, पण ताब्यात राहीना. इकडं आपटला, तिकडं उसळला. त्यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली, या हवेतही वर उठता येतं. दुसरी, माणसाचा हात त्यासाठी फार हळू पडतो. हेलिकॉप्टरला स्वतःचा तोल क्षणाक्षणाला स्वतःच सांभाळावा लागणार होता.

अशी आपटाआपटी झाल्यावर आपल्याकडे काय होतं? लोक म्हणतात, बघा, सांगितलं होतं, हे बायकांचं काम नाही. तिथं त्यांनी आपटण्याची चित्रफीत पुन्हा पुन्हा बघितली. पाती लवतात का, किती लवतात, कशानं लवतात, ते शोधलं. आपल्याकडची दाट हवा फिरत्या पात्याला आधार देते, त्याची फडफड शांत करते. मंगळाच्या हवेत तो आधार नाही. मग त्यांनी पाती जास्त कडक केली, पण वजन वाढू दिलं नाही. त्यासाठी कार्बनच्या धाग्यांपासून बनवलेला हलका आणि मजबूत पदार्थ वापरला.

शेवटी पात्यांच्या दोन जोड्या ठरल्या, एकीवर एक. एक जोडी उजवीकडे फिरते, दुसरी डावीकडे, म्हणजे यंत्र स्वतःभोवती गरगरत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाती एक मीटर वीस सेंटीमीटर, आणि वेग मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास. तुमच्या घरातला छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला तीन-साडेतीनशे फेऱ्या मारतो. त्याच्या सात-आठ पट.

२०१६ च्या मे महिन्यात पूर्ण आकाराचा नमुना टाकीत उडाला. या वेळी संगणक तोल सांभाळत होता. तो छान स्थिर राहिला. मग जे खरं मंगळावर जायचं, ते बनवायला घेतलं. २०१९ च्या जानेवारीत तेही टाकीत तपासलं. आता हवा मंगळासारखी झाली होती, पण ओढ तर पृथ्वीचीच होती ना? त्यावर त्यांनी युक्ती काढली. वरून एक दोरी बांधली आणि मोटरनं ती हलकेच वर ओढून धरली, जेणेकरून हेलिकॉप्टरला मंगळावर जेवढं वजन जाणवेल तेवढंच जाणवावं. लहान पोराला चालायला शिकवताना आपण बगलेत हात घालून थोडं उचलून धरतो, तसं. त्या दिवशी ते किती उंच उडालं? फक्त पाच सेंटीमीटर. दोन बोटं. तेवढ्यात त्यांना हवं ते कळलं.

उडण्याइतकंच अवघड होतं जगणं. मंगळावर रात्री पारा उणे नव्वद अंशांपर्यंत उतरतो. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात उणे अठरा असतात, त्यावरून अंदाज करा. अशा थंडीत बॅटऱ्या निकामी होतात, जोड तडकतात. म्हणून आत छोटे हीटर बसवले. वरती सौर पट्टी, खाली सहा लहान बॅटऱ्या. दिवसा उन्हावर चार्ज व्हायचं आणि रात्री स्वतःला ऊब द्यायची. साठवलेल्या विजेतला साधारण दोन-तृतीयांश भाग नुसता उबेवर खर्च व्हायचा. उडायला उरायचा तो बाकीचा. आपल्या घरखर्चासारखंच आहे हे. आधी दाणापाणी, औषध, शाळेची फी, आणि त्यातून जे उरेल त्यावर नवीन काही करायचं.

यातले बरेच भाग काही जगावेगळे नव्हते. त्याच्या कॅमेऱ्यातली चित्रं बघून वाट ठरवणारी चिप मोबाइल फोनसाठी बनवलेली होती. वजन कमी ठेवायचं तर बाजारात मिळणारा हलका माल घ्यायचा, तो नीट तपासून घ्यायचा, आणि चालला तर वापरायचा, असं त्यांचं धोरण होतं.

निघताना त्यांनी हेलिकॉप्टरसोबत कापडाचा एक तुकडा दिला. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत ऑर्व्हिल आणि विल्बर राइट या दोन भावांचं विमान पहिल्यांदा उडालं. सायकलचं दुकान चालवणारी माणसं ती. ते पहिलं उड्डाण बारा सेकंदांचं होतं. त्या विमानाच्या पंखांना साधं सुती कापड लावलेलं होतं, आपल्या मांजरपाटासारखं. त्याच कापडाचा पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा हेलिकॉप्टरच्या सौर पट्टीखाली, एका वायरीला गुंडाळून लावला. कापूस वेचणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, कापसाचा धागा मंगळावर पोचला आहे बरं का.

३० जुलै २०२० रोजी यान फ्लोरिडातून निघालं. हेलिकॉप्टर एकटं नव्हतं. पर्सिव्हरन्स नावाची सहा चाकांची मोठी गाडी मंगळावर दगडमाती तपासायला चालली होती. तिच्या पोटाखाली हे घडी घालून, आडवं बांधलेलं होतं. १८ फेब्रुवारी २०२१ ला दोघं मंगळावर उतरली. जागेचं नाव जेझेरो. फार पूर्वी आकाशातून काहीतरी आदळून तिथं पंचेचाळीस किलोमीटर रुंदीचा खळगा झाला, आणि कधीकाळी त्यात पाण्याचं तळं होतं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार आठवा. तेही आकाशातून दगड आदळून काळ्या खडकात झालेलं तळं आहे, आणि मंगळावरचे खळगे समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारचाही अभ्यास करतात.

उतरल्यावर लगेच उडवलं असेल असं वाटतं ना? दोन महिने लागले. आधी सपाट, दगड नसलेली जागा शोधली. २१ मार्चला हेलिकॉप्टरवरचं झाकण खाली टाकलं. मग ते सोडवायला सुरुवात झाली. एका दिवशी कडी काढायची. एका दिवशी आडवं असलेलं उभं करायचं. मग दोन पाय उघडायचे, मग उरलेले दोन. प्रत्येक पायरीनंतर फोटो काढायचा, तो पृथ्वीवर पाठवायचा, माणसांनी बघायचा, आणि ठीक आहे म्हटल्यावरच पुढची पायरी. या सगळ्याला साधारण सहा दिवस लागले.

३ एप्रिलला शेवटचा खिळा सुटला आणि हेलिकॉप्टर दहा सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून कमी, खाली जमिनीवर टेकलं. इथून खरी धाकधूक सुरू झाली. इतके दिवस त्याला वीज आणि ऊब मोठी गाडी पुरवत होती. आता नाळ तुटली होती. गाडी तिथून लगेच बाजूला सरकणं भाग होतं, नाहीतर तिच्या सावलीत सौर पट्टीवर ऊन पडलं नसतं. गाडी सरकली, ऊन पडलं. मग रात्र झाली, उणे नव्वदची. सकाळी हेलिकॉप्टरचा संदेश आला. जिवंत आहे.

त्यानंतर पात्यांचे बंध सोडले. मग ती हळू फिरवून बघितली, मिनिटाला पन्नास फेऱ्या. मग ९ एप्रिलला पूर्ण वेगात फिरवायची चाचणी ठरली. उडायचं नव्हतं, जागेवरच फिरवायचं होतं. आणि ती चाचणी अर्ध्यातच थांबली.

काय झालं होतं? हेलिकॉप्टरच्या संगणकात एक राखणदार बसवलेला होता. माणूस नाही, घड्याळासारखी एक व्यवस्था. प्रत्येक काम ठरलेल्या वेळात, ठरलेल्या क्रमानं होतंय का, एवढंच तो बघतो. जरा मागेपुढे झालं की सगळं थांबवतो. तयारीच्या स्थितीतून उडण्याच्या स्थितीत जाताना ठरलेली वेळ चुकली आणि राखणदारानं काम थांबवलं. उड्डाण दोन दिवसांवर आलं होतं. सगळ्या जगाच्या बातम्यांत तारीख जाहीर झालेली होती.

त्यांनी तारीख पुढं ढकलली. राखणदाराला गप्प बसवून उडता आलं असतं का, कुणास ठाऊक. त्यांनी तसं केलं नाही. दोन उपाय शोधले. एक सोपा, सूचना देण्याच्या क्रमात थोडा बदल. दुसरा मोठा, सगळी आज्ञावलीच नवी घालायची. सोप्या उपायानं शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा काम होईल, पंधरा वेळा राखणदार पुन्हा थांबवेल, असा त्यांचा हिशोब होता. थांबलं तर नुकसान काही नाही, दुसऱ्या दिवशी परत प्रयत्न करायचा. म्हणून सोपा उपाय निवडला, आणि मोठा उपाय तयार करून हाताशी ठेवला. १६ एप्रिलला पाती पूर्ण वेगात फिरली.

१९ एप्रिल २०२१. मंगळ त्या दिवशी आपल्यापासून अठ्ठावीस-एकोणतीस कोटी किलोमीटर दूर होता. रेडिओचा संदेश पोचायलाच पंधरा मिनिटांहून जास्त लागत होती. म्हणजे इथून कुणी धरून चालवण्याचा प्रश्नच नाही. जे शिकवायचं ते आधीच शिकवून झालेलं होतं. आपल्याकडे दुपारचा एक वाजला होता, तेव्हा ते तिथं उडालं. पण उडालं की नाही, हे प्रयोगशाळेतल्या माणसांना कळायला तीन तास गेले. पोरगी परीक्षेला बसलेली असते आणि आई फाटकाबाहेर उभी असते, तसे ते तीन तास.

मग माहिती आली. तीन मीटर वर गेलं, तिथं स्थिर राहिलं, वळलं, आणि सावकाश खाली उतरलं. ३९ सेकंद. दुसऱ्या ग्रहावर स्वतःच्या ताकदीनं, ताबा ठेवून उडालेलं माणसाचं हे पहिलं यंत्र. पहिला फोटो आला तो त्याच्या स्वतःच्या सावलीचा. मीमी आंगनं फसलं तर काय बोलायचं, याचा कागद लिहून ठेवला होता. तो तिनं सगळ्यांसमोर टराटरा फाडला. मला त्या कागदाचं फार कौतुक वाटतं. फाडला त्याचं, आणि त्याहून जास्त, लिहून ठेवला होता त्याचं.

आणि तो शंभरातला पंधराचा हिशोब? तोही खरा ठरला. २९ एप्रिलला चौथ्या उड्डाणाच्या वेळी राखणदारानं पुन्हा थांबवलं. कुणी कपाळावर हात मारून घेतला नाही. ३० तारखेला ते उडालं.

आता काहीजणी मनात म्हणत असतील, ताई, याला पैसे किती लागले? रास्त प्रश्न आहे. बनवायला सुमारे आठ कोटी डॉलर आणि चालवायला पन्नास लाख. त्या वेळच्या भावानं सहाशे कोटी रुपयांच्या वर. पैसा त्यांच्या देशाचा, हिशोब त्यांनी त्यांच्या जनतेला द्यायचा. आपण बघायचं ते एवढंच, की एवढी मोठी रक्कम त्यांनी कशी लावली. मोठ्या गाडीचं काम या हेलिकॉप्टरवर अवलंबून ठेवलं नव्हतं. हे पडलं असतं, थिजलं असतं, तरी गाडीचं दगडमाती तपासायचं काम सुरूच राहिलं असतं. नवीन प्रयोग करायचा, पण सगळं घर त्याच्यावर टांगायचं नाही. पापड यंत्रासाठी कर्ज घेण्याआधी दहा किलोचे पापड हातानं करून बाजारात विकून बघा, असं मी गटागटांत सांगत असते. तेही हेच.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो राखणदार. हे सांगायला आपल्याकडचंच उदाहरण घेते. केंद्र सरकारनं ड्रोन दीदी योजना आणली आणि काही गटांकडे फवारणीचे ड्रोन आले. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आपल्यातल्या बायका ते उडवतात. आमच्या भागातली अशीच एक ताई एकदा सकाळी एका शेतावर गेली. टाकी भरली, बॅटरी लावली, आणि वारा वाढला. शेतकरी उभा, औषध कालवलेलं, बांधावर पाच-सहा गडी गंमत बघायला जमलेले. तिनं सांगितलं, आत्ता उडवणार नाही, वारा पडेपर्यंत थांबू. वारा काही पडला नाही. बांधावरून शेरे आले, बाईच्या हातात मशीन दिल्यावर असंच व्हायचं. त्या दिवसाची कमाई बुडाली.

गोष्ट तिथं संपली नाही. गटाच्या बैठकीत आपल्याच दोघी-तिघी म्हणाल्या, थोडं तरी उडवायचं, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं की परत येत नाही. ती ताई काही बोलली नाही. मान खाली घालून बसली. मी म्हटलं, ड्रोन पडला असता तर? तो काही लाखांचा. औषध वाऱ्यानं शेजारच्या रानात, बैलांच्या चाऱ्यावर, पोराबाळांवर गेलं असतं तर? तेव्हा आपण हेच म्हटलं असतं, की थांबायला काय झालं होतं. बरीच बोलाचाली झाली. शेवटी वहीत ठराव लिहिला. उडवायचं की नाही हा निर्णय उडवणारीचा. तिनं नाही म्हटलं तर गटानं तिच्या पाठीशी उभं राहायचं, आणि त्या दिवसाचा तोटा गटाचा, तिच्या एकटीचा नाही.

त्या ठरावावर सह्या करताना मला ९ एप्रिलची ती थांबलेली पाती आठवत होती. प्रयोगशाळेतली माणसं राखणदारावर चिडली असती, तर पुढच्या वेळी त्याला काढूनच टाकलं असतं. आणि मग कधीतरी खरंच बिघाड झाला असता तेव्हा थांबवणारं कुणी नसतं. आपल्या गटातली जी बाई म्हणते, थांबा, हिशोब परत बघू, सही करण्याआधी कागद वाचून घेऊ, तिला आपण खोडा घालणारी म्हणतो. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, की ती बोलायची बंद होते. नुकसान आपलंच.

शेवट सांगते. त्या हेलिकॉप्टरला तीस दिवसांत जास्तीत जास्त पाच उड्डाणं करायची होती. ते उडालं बहात्तर वेळा. जवळपास तीन वर्षं. सगळं मिळून दोन तासांहून जास्त वेळ हवेत राहिलं आणि सतरा किलोमीटर फिरलं. मोठ्या गाडीच्या पुढं जाऊन वाट दाखवायचं कामही त्यानं केलं. १८ जानेवारी २०२४ ला शेवटचं उतरताना त्याची पाती मोडली. आता ते तिथंच वाळूत उभं आहे, कापडाचा तो तुकडा घेऊन.

पुढच्या बैठकीत वसुली आणि हजेरी झाली की पाच मिनिटं काढा आणि दोन गोष्टी ठरवा. आपण जे नवीन काम सुरू करणार आहोत, ते लहान प्रमाणावर तपासून कसं बघायचं? आणि आपल्या गटात थांबा म्हणायचा अधिकार कुणाला? जे ठरेल ते ठरावाच्या वहीत लिहा. नुसतं तोंडी ठेवू नका.

काळजी घ्या. पुढच्या आठवड्यात परत आपल्या कर्जाच्या हप्त्यांकडे वळू. नमस्कार.